घरच्या कॉम्प्युटरचं विंडोज कधी बदलावं? चोपड्याच्या ताईंना उत्तर

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात २०१८ साली घेतलेला डेस्कटॉप आहे: इंटेलचा सातव्या पिढीचा आयथ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्याच एका मशीनवर दाजी कृषी सेवा केंद्राचा हिशेब टॅलीत ठेवतात, ताई बचत गटाची पत्रं आणि इतिवृत्तं जुन्या श्रीलिपीत टाइप करतात, आणि अकरावीतला मुलगा उरलेल्या वेळात अभ्यासाचे व्हिडिओ बघतो. गेल्या दिवाळीपासून स्क्रीनवर सपोर्ट संपल्याची सूचना येतेय. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो, सुट्टीत आलो की जुगाड करून ११ टाकून देतो. सासरे म्हणतात, "चालू शे ना, मंग कसाले हात लावस?" ताई विचारतात, ऐकायचं कुणाचं?

सासऱ्यांचं. पण फक्त ऑक्टोबरपर्यंत.

थेट सांगतो. या मशीनवर विंडोज ११ टाकू नका आणि आज नवीन मशीनही घेऊ नका. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, आजच चालू करून घ्या. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. मार्चएंड आणि खरिपाची गर्दी जाऊ द्या. पोळा झाला की दाजींची टॅली नवीन मशीनवर हलवा आणि हे जुनं मुलाला देऊन टाका. मी जळगावात घरांतली आणि छोट्या दुकानांतली मशीन सांभाळतो, आणि या धाटणीचं घर मला जवळपास प्रत्येक गल्लीत भेटतं. तरी कारणं सविस्तर लिहितो, कारण शेजारच्या घरचं मशीन दोन वर्षांनी नवं असेल तर त्यांना मी वेगळंच सांगेन.

आधी त्या सूचनेचा अर्थ. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. फरक एवढाच की त्यानंतर विंडोजमध्ये जी नवी भोकं सापडतील ती तुमच्या मशीनवर आपोआप बुजवली जाणार नाहीत. "पण आमचा अँटिव्हायरस अपडेट होतोय ना," असं बरेच जण म्हणतात. होतोय. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसची नवे व्हायरस ओळखायची माहिती २०२८ पर्यंत येत राहणार आहे, एज ब्राउझरही तोपर्यंत चालू राहील. पण अँटिव्हायरस आत आलेली घातक फाइल ओळखतो. विंडोजच्या स्वतःच्या कोडमधली चूक दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. "अपडेट" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात आणि त्यांना एकच नियम लावला की घोटाळा होतो. एक, दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती. दुसरी, वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती किंवा थेट १० वरून ११ वर उडी. पहिल्यात उशीर करणं धोक्याचं, दुसऱ्यात घाई करणं धोक्याचं.

पहिलीचा दाखला म्हणजे वॉनाक्राय. १२ मे २०१७ ला तो जगभर पसरला, फाइली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. ज्या भोकातून तो शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, तेच सापडले. त्यात सर्वाधिक मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या विंडोजची. दुसरीचा दाखला ऑक्टोबर २०१८ चा. विंडोज १० ची त्या वर्षीची नवी आवृत्ती आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने ती काही दिवसांत मागे घेतली आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा दिली. पहिल्याच आठवड्यात हौसेने बटण दाबणाऱ्यांना त्याचा फटका बसला. महिनाभर थांबलेल्यांना हे घडलं ते कळलंही नाही.

म्हणून घरच्या मशीनसाठी मी असं ठरवून ठेवलंय: महिन्याची दुरुस्ती आठवड्याच्या आत घ्यायची, नवी आवृत्ती चार-सहा महिने इतरांना वापरू द्यायची. विंडोज ११ ची नवी आवृत्ती साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येते आणि होम, प्रो या दोन्हींमध्ये प्रत्येक आवृत्तीला २४ महिने दुरुस्त्या मिळतात. म्हणजे थांबायला भरपूर जागा असते. २४एच२ ही आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांची मुदतसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ लाच संपते, तेव्हा "आमच्याकडे ११ आहे, आम्हाला काय," असं म्हणणाऱ्यांनी एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन आपली आवृत्ती बघावी. ३० सप्टेंबर २०२५ ला आलेल्या २५एच२ वर जायला आता हरकत नाही.

मशीन स्लो झालं म्हणून विंडोज बदलायला निघालेले लोक मी सगळ्यात जास्त पाहतो, आणि ते कारणच चुकीचं आहे. ताईंच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडलं तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल, बटण दाबल्यावर पाच-दहा मिनिटं तरी. तो दोष विंडोज १० चा नाही. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा आणि ४ जीबी रॅमचा आहे. तिथे ११ टाकलं तर ते अजून रडेल. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, विंडोज तिच्यावर घ्या, जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी तशीच राहू द्या. तेच विंडोज, तोच प्रोसेसर, आणि मुलगा विचारेल की नवीन मशीन कधी आणलं. हा खर्च वायाही जात नाही, कारण मशीन पुढे मुलाकडेच जाणार आहे. रॅमचे भाव मात्र २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्यामुळे ती लगेच वाढवायला मी सांगणार नाही. कुणाकडे जुनी काढलेली डीडीआर४ ची पट्टी मिळाली तर घ्या.

मग विंडोज ११ का नको? त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) लागतं, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या धाटणीचं बायोस) लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलमध्ये ती यादी, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीत साधारण रायझन २००० च्या मालिकेपासून. ताईंचं मशीन सातव्या पिढीचं, एका पायरीने हुकलंय. २०१८ ला घेतलेलं असलं तरी आत माल २०१७ चा होता. त्या काळात दुकानांत दोन्ही पिढ्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असायच्या.

ज्यांचा प्रोसेसर आठव्या किंवा पुढच्या पिढीचा आहे, त्यांनी "तुमचा पीसी पात्र नाही" हा संदेश बघून लगेच हार मानू नये. पुष्कळदा टीपीएम मदरबोर्डमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करा आणि मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवा. अस्सल विंडोज १० वरून ११ फुकट मिळतं आणि फाइली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. या लोकांनी वाढीव सुरक्षेच्या भानगडीत न पडता निवांत दिवस बघून ११ वर जावं.

भाच्याच्या जुगाडाबद्दल. तो खोटं बोलत नाही. यादीबाहेरच्या मशीनवर ११ बसवता येतं, चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी देत नाही, आणि वर्षाची नवी आवृत्ती आपोआप येत नाही. दरवेळी तोच जुगाड परत करावा लागतो. म्हणजे ज्या दुरुस्त्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच भाच्याच्या सुट्टीवर अवलंबून. खेळायच्या मशीनवर खुशाल करा. दुकानाचा हिशेब आणि बँक ज्यावर आहे त्यावर नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण विंडोज कधी बदलायचं हे शेवटी विंडोज ठरवत नाही. घरातली सगळ्यात हट्टी वस्तू ठरवते. कागद घ्या आणि या मशीनवर जे जे चालतं ते लिहून काढा: प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, टॅली, मराठी फॉन्ट, जुने गेम सुद्धा. मग प्रत्येकापुढे लिहा, हे नव्या विंडोजवर चालेल का, आणि चालणार नसेल तर त्याच्यावाचून किती दिवस भागेल. बहुतेक ओळी लगेच सुटतात. एखाद-दोन ओळी अडून बसतात, आणि तारीख त्या ओळींवरून निघते.

ताईंच्या घरी अडून बसणारी वस्तू टॅली नाही, श्रीलिपी आहे. जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरना हार्डवेअर लॉक (कॉम्प्युटरला जोडायची छोटी चावी) लागायचं, त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसेलच असं नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की बचत गटाच्या ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा दिसतो. या फाइली बरोबर दिसणारी शेवटची जागा म्हणजे तुमचं आत्ताचं चालू मशीन. तेव्हा ते चालू असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करून ठेवा, आणि पुढे ज्यात बदल करावे लागतील त्यांचं फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडात रूपांतर करून घ्या. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्याने तपासा, विशेषतः रकमा. नवीन टायपिंग मात्र आजपासूनच युनिकोडात सुरू करा. विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीच आहे, भाषेच्या सेटिंगमधून तो घ्यायचा: इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या लोकांची बोटं रेमिंग्टनला, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीला, बसलेली असतात, त्यांना पहिले पंधरा दिवस चीड येते. हे पंधरा दिवस जुन्या मशीनवर काढलेले बरे, नव्यावर नाही.

टॅलीचं दोन ओळींत. टॅलीप्राइमचा डेटा, तुम्ही काही बदललं नसेल तर, सी ड्राइव्हवर यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. "माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सी बिनधास्त फॉरमॅट कर," असं सांगून लोक स्वतःच्या हाताने वर्षभराचा हिशेब घालवतात. मशीन बदलायच्या आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद जुळतो का बघा, आणि लायसन्स सरेंडर करा. नाहीतर नव्या मशीनवर ते चालू करताना अडचण येते.

प्रिंटरचा प्रश्न बहुतेक ३२ बिट विंडोजवाल्यांना येतो. ४ जीबीच्या जुन्या मशीनवर पूर्वी सर्रास ३२ बिट विंडोज टाकत. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, आणि ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही. छपाई उत्तम असलेला प्रिंटर केवळ ड्रायव्हर नाही म्हणून माळ्यावर जातो. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का, ते आधी बघा. डॉसच्या जमान्यातले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून काही अडत दुकानांत चालतात. ते ६४ बिट विंडोजवर थेट उघडत नाहीत. त्यांनी ते जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून तसंच ठेवावं, बस.

एक न आवडणारी गोष्ट पण बोलून टाकतो. वरचं सगळं अस्सल विंडोजला लागू आहे. सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा. तिथे डिजिटल लायसन्स असल्याचं लिहिलेलं असेल तर बहुधा ठीक. असेम्बल केलेल्या मशीनवर पुष्कळदा क्रॅक करून विंडोज चालू केलेलं असतं, आणि ते करणारं सॉफ्टवेअर डिफेंडर बंद करा म्हणतं, अपडेट बंद करा म्हणतं. तसं असेल तर तुमचं विंडोज १० २०२५ मध्ये नाही, ज्या दिवशी बसवलं त्याच दिवशी असुरक्षित झालं होतं. तिथे वाढीव सुरक्षेचा विचार सोडा आणि शेवटी जे लिनक्सबद्दल (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) लिहिलंय ते वाचा.

वाढीव सुरक्षा कशी घ्यायची? विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तीन पर्याय येतात: सेटिंग्जचा बॅकअप खात्यात चालू करणं, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा एकदाच पैसे भरणं. पहिला फुकट आहे, तोच घ्या. तिथे फक्त सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, फोल्डरचा नको. फोल्डर चालू केले की वनड्राइव्ह तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वर खेचायला लागतं, ५ जीबीची फुकट जागा भरते, आणि मग "जागा संपली, पैसे भरा" चालू होतं. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही सोय मिळते, म्हणजे घरातला जुना लॅपटॉपही त्यात बसतो.

आता आपल्याकडच्या वेळापत्रकाचं बघू. दाजींचं दुकान मेच्या मध्यापासून कापसाच्या बियाण्याच्या गर्दीत असणार, मग खतं, मग फवारणीची औषधं. रब्बीची गडबड पुन्हा दिवाळीच्या आसपास. मधली मोकळी खिडकी पोळ्यानंतरची, आणि ती वाढीव सुरक्षेच्या मुदतीच्या आत बसते. त्यातही जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आसपासचे दिवस सोडा. मे महिन्यात तर मोठं काही करूच नका. भुसावळ-जळगावकडे ४५ अंशांवर पारा गेलेला असतो, कॅबिनेटमध्ये वर्षाची धूळ असते, फीडर कधी ट्रिप होईल सांगता येत नाही, आणि हार्ड डिस्कवरचं अपग्रेड तासन् तास चालतं. दहा-पंधरा मिनिटं पुरणारा यूपीएस त्याला पुरत नाही. करायचंच तर पहाटे, लाइटचं वेळापत्रक बघून, कॅबिनेट ब्लोअरने साफ करून. डाउनलोडही मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत मावत नाही. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडे जाऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेऊन या. बाजारात कुणी कॉपी करून दिलेला पेन ड्राइव्ह नको.

अपग्रेड केल्यावर दहा दिवस मागे फिरायची सोय असते. जुनं विंडोज विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जपलेलं असतं. जागा मोकळी करायच्या उत्साहात ते पहिल्याच दिवशी उडवू नका. त्या दहा दिवसांत कागदावरची प्रत्येक ओळ एकदा चालवून बघा: एक प्रिंट, एक डिजिटल सही, एक ई-वे बिल, एक मराठी पत्र.

नवीन मशीन आलं की आणखी एक काम, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. चोरीच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण आपल्याकडे व्होल्टेजने मदरबोर्ड जळतात. बोर्ड बदलला की मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डिस्क चांगली असूनही डेटा कुणालाच काढता येत नाही. खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर उघडलंय, हे आधी बघा. दुकानातल्या पोराने घाईत स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. ती रिकव्हरी की कागदावर छापा आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवा.

राहिलं जुनं मशीन. ऑक्टोबरनंतर त्यावर लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, फुकट आहे, आणि एसएसडी असेल तर ४ जीबीतही ब्राउझर, व्हिडिओ, लिबर ऑफिस आणि मराठी युनिकोड नीट चालतं. टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनची त्यावर अपेक्षा ठेवू नका, ते नव्या मशीनवरच. प्रिंटर लागतो का, हे पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून आधी बघता येतं, डिस्कला हात न लावता. ते काम भाच्याला द्या. दिवाळीच्या सुट्टीत येतोच आहे.

नवीन मशीन घेताना बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं "आयथ्री" किंवा "आयफाइव्ह" नाही. सातवी पिढी २०१८ ला विकली गेली, तसं आजही जुना माल नव्या डब्यात मिळतो. रॅम ८ जीबी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवायला सांगा. भाव उतरले की भरता येईल.